आवळेसाहेबांकडे उत्तर आहे

नंदकुमार आवळ्यांना प्रश्न विचारणं सोपं होतं. उत्तर संपेपर्यंत उभं राहणं अवघड. लखनऊच्या तेलीबागेतल्या त्यांच्या कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही लोक विचारायचेच, कारण अख्ख्या कॉलनीत ख्रिस्ती घर एकच आणि कुतूहल मात्र घरोघर.

"भाईसाहब, एक बात बताइए," शेजारचे त्रिपाठीजी सकाळी फिरून परतताना गेटवर कोपर टेकून सुरू करायचे, "चर्च में सचमुच वाइन मिलती है?"

आवळेसाहेब चष्मा काढून सदऱ्याला पुसायचे. चष्मा निघाला की त्रिपाठीजींनी ओळखावं, घरी आपला चहा आता गार होणार.

"देखिए, इसके तीन भाग हैं."

पहिला भाग असा, की ती वाइन नसतेच. त्यांच्या पत्नी मालिनीबाई शनिवारी काळ्या मनुका उकळून, गाळून बाटलीत भरून देतात. त्रिपाठीजींचा उत्साह इथंच निम्मा व्हायचा. दुसरा भाग असा, की ते 'मिळत' नाही, तो काही प्रसाद नव्हे. घेणाऱ्याची आधी चौकशी होते, विश्वास तपासला जातो, आणि तपासणाऱ्यांत खुद्द आवळेसाहेब असतात. तिसरा भाग सगळ्यांत लांब. त्यात कॅथलिक काय मानतात आणि ते का चुकतात, बाकीचे प्रोटेस्टंट काय मानतात आणि तेही थोडेसे का चुकतात, आणि न चुकणारी माणसं जगात कुठंकुठं उरली आहेत, हे सगळं यायचं. त्या उरलेल्यांत छावणीच्या कडेची साठ-सत्तर माणसांची त्यांच्या चर्चची मंडळी होती. पण त्या साठ-सत्तरांतही सगळ्यांची खात्री आवळेसाहेब देऊ शकत नव्हते.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुणाच्या आजारपणात आधी धावून जाणार, कुणाच्या मुलीला बँकेच्या परीक्षेसाठी फुकट शिकवणार, कॉलनीची पाण्याची मोटर बिघडली की मेकॅनिकच्या डोक्यावर उभा राहणार. फक्त त्यांच्यासमोर प्रश्नार्थक चेहरा करायचा नाही, एवढं पथ्य पाळलं की झालं.

जन्म मिरजेच्या मिशन कंपाउंडातला. वडील कंपाउंडर, घराणं पिढ्यान् पिढ्या प्रेस्बिटेरियन. तिथं पोरांना पाढ्यांच्या आधी प्रश्नोत्तरं पाठ करायला लावत. देव कसा आहे, पाप कशाला म्हणतात, माणूस जगतो कशासाठी. छोट्या नंदकुमारनं सगळी प्रश्नोत्तरं एका दमात म्हणून दाखवली आणि कंपासपेटी जिंकली. बरोबरची पोरं मोठी झाली तशी उत्तरं विसरली आणि आयुष्यातल्या प्रश्नांत सापडली. नंदकुमारचं तसं काही झालं नाही. बँकेत लागला, लग्न झालं, सोलापूर, भोपाळ करत बदलीवर लखनऊला आला, मुलाच्या शाळेपायी तिथंच राहिला, निवृत्त होऊन मंडळीचा कारभार बघणारा एल्डर झाला. उत्तरं जशीच्या तशी होती. एकच फरक पडला, की पूर्वी ती विचारल्यावर यायची आणि आता आधीच यायची.

त्यांचं खरं दुःख वेगळंच होतं. लोक चुकीचं विचारायचे. जगाच्या उत्पत्तीआधीच देवानं आपली माणसं निवडली ती कशाच्या आधारावर, हे कुणीतरी एकदा विचारावं म्हणून ते आयुष्यभर तयार बसले होते. विचारलं जायचं काय, तर "आपके यहाँ अगरबत्ती नहीं जलाते तो मच्छरों का क्या करते हैं?" डिसेंबर लागला की प्रश्न एकच उरायचा, केक कधी. ही तारीख शास्त्रात कुठंही दिलेली नाही, हे आवळेसाहेब दारात आलेल्या प्रत्येकाला मनापासून सांगायचे. लोक मान डोलवायचे आणि त्यांच्या खांद्यावरून आत बघायचे. आत मालिनीबाईंनी मैदा, अंडी, तूप आणि पेठा पिशवीत घालून सदर बाजारातल्या बेकरीत नेलेला आणि भट्टीतून भाजून आणलेला केक कापून ठेवलेला असायचा.

"तारीख शास्त्रात नाही तर केक खाऊ नका तुम्ही," मालिनीबाई म्हणायच्या.

"केक निषिद्ध आहे असं मी कुठं म्हटलं?"

एका नाताळात त्रिपाठीजींनी प्रेमानं येशूची तसबीर भेट दिली. भोवती बारके दिवे, वायर लावली की लाल-हिरवे लुकलुकणारे. आता देवाचं चित्र करू नये, ही तर आवळेसाहेबांची फार आवडती आज्ञा. भिंतीवर लावावी तर देवाचा अपमान, न लावावी तर त्रिपाठींचा. ते तीन दिवस जेवताना गप्प होते. शेवटी मालिनीबाईंनी तसबीर कपाटात ठेवली आणि त्रिपाठीजींची बेल वाजली की चटकन काढून खिळ्याला अडकवायची पद्धत पाडली. हा खोटेपणा झाला, म्हणजे वेगळी आज्ञा मोडली, हे आवळेसाहेबांनी लक्षात आणून दिलं. त्यावर मालिनीबाई म्हणाल्या, मग दर वेळी कुठली मोडायची ते तुम्ही आधी सांगत जा, मी तयारीत राहीन.

रविवारचंही तसंच. प्रभूच्या दिवशी खरेदी-विक्री नाही, हा घरचा कायदा. पण तेलीबागेत मेथी चांगली येते ती नेमकी रविवारी. "भैया, दो गड्डी," असा आवाज फाटकाशी दबक्या स्वरात यायचा आणि आवळेसाहेब आत पुस्तक वाचत असल्याचं दाखवायचे. गरजेची कामं करायला शास्त्राची मुभा आहे आणि मेथी गरजेत मोडते की कसं, यावर त्यांचा अभ्यास अजून चालू होता.

अशा माणसाला व्याही कसा मिळावा? माणिक मसीह मिळाला.

त्यांचा मुलगा सुजय अमौसीच्या विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये होता. मराठी समजायचा, बोलायचा मात्र हिंदीच. तिथंच त्याला देविका भेटली. देविका ख्रिस्ती आहे हे ऐकून आवळेसाहेब सुखावले. बॅप्टिस्ट आहे हे ऐकून त्यांनी चष्मा काढला. तिचे वडील माणिक मसीह चौक बाजारात चिकनकारीच्या कपड्यांचे ठोक व्यापारी, बोलण्यात सगळं लखनऊ आणि मतात सगळा दगड. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या तोंडानं विश्वासाची कबुली देऊन गोमतीत बुडून बाप्तिस्मा घेतला होता. त्यांच्या लेखी बाप्तिस्मा म्हणजे तोच. तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडतात त्याला ते 'छींटा' म्हणायचे.

पहिली चकमक लग्नाच्या जेवणातच झाली.

"समधी जी, बच्चा न हाँ कह सकता है, न ना," माणिक मसीह कबाब वाढून घेत अदबीनं म्हणाले. "उस पर पानी डालने से होगा क्या? गीला होगा."

"मुलाला देशाचं नागरिकत्व जन्मताच मिळतं ना?" आवळेसाहेबांनी हिंदीत बाजू मांडली. "आधी परीक्षा घेतात का त्याची? देवानं करार केला तो आईबापांशी आणि त्यांच्या लेकरांशी. बाप्तिस्मा त्या कराराची खूण. पासपोर्टच समजा."

"पासपोर्ट पर दस्तख़त तो ख़ुद ही करने पड़ते हैं."

"लहान मुलाचा अंगठा चालतो!"

"तो अंगूठा ही लगवा लीजिए, बेचारे को भिगोते क्यों हैं?"

नवरा-नवरी हात धुऊन फोटो काढायला गेले तरी हे दोघं गुलाबजामपर्यंत पोचले नव्हते.

देविकाला दिवस गेले तेव्हा युद्धाला उद्देश मिळाला. मोबाइलवर दोन्ही बाजूंनी मजकूर येऊ लागला. सासरे सकाळी पाठवायचे, करारातली लेकरं मंडळीच्या बाहेर कशी ठेवता येतील? वडील संध्याकाळी पाठवायचे, आधी विश्वास, मग पाणी, हा क्रम कुणी बदलला? देविका दोन्हीखाली जोडलेले हात टाकायची आणि उलटी करायला जायची. कुणीही तिला विचारलं नाही, की तुझं म्हणणं काय. तिचं म्हणणं असेल ही शक्यता दोन्ही परंपरांनी विचारात घेतली नव्हती.

माणिक मसीहांनी चौकातल्या आपल्या कारागिरांकडून तान्ह्या बाळासाठी पांढरं झबलं काढून घेतलं. पायघोळ, मलमलीचं, त्यावर मुर्रीच्या बारीक टाक्याचं भरतकाम. ते पाठवताना निरोपही पाठवला, की हे नुसतं घालायला आहे, त्या कामासाठी नाही. आवळेसाहेबांनी ते त्याच कामासाठी कपाटात नीट ठेवून दिलं. रविवार ठरवला, चर्चच्या पाळकांना सांगितलं, कोणती गीतं गायची तेही सांगितलं. थंडीचे दिवस असतील, पाणी जरा कोमट करा, असं मालिनीबाई म्हणाल्या तेव्हा त्यांनी बराच विचार करून परवानगी दिली. पाण्याचं तापमान शास्त्रात दिलेलं नव्हतं.

मुलीनं मात्र कुणाचंच वेळापत्रक मानलं नाही. ती सातव्या महिन्यातच आली.

हॉस्पिटलमध्ये काचेपलीकडे ती दिसायची. दिसायच्या त्या नळ्याच. त्यांच्या मधे कुठंतरी ती. आवळेसाहेबांनी आयुष्यात इतकं लहान माणूस पाहिलं नव्हतं. पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी तरुण डॉक्टर बाहेर आले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, की फुप्फुसं साथ देत नाहीत, आज रात्र निघाली तर पुढं काही सांगता येईल. सुजय भिंतीला पाठ लावून खाली बसला. देविका व्हीलचेअरमध्ये होती. मालिनीबाईंनी तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. ती रडत नव्हती. डॉक्टर ज्या दारातून गेले त्या दाराकडे नुसती बघत होती.

तेवढ्यात जिन्यावरून माणिक मसीह आले. धाप लागली होती. हातात पाण्याची बाटली, खालच्या टपरीवरून घेतलेली, झाकणाचं सील अजून न तोडलेलं. त्यांनी आवळेसाहेबांचा दंड धरला आणि त्यांना कॉरिडॉरच्या कोपऱ्यात ओढत नेलं.

"समधी जी, कर दीजिए."

"काय?"

"वही. आपका वाला. छींटा." या शब्दावर त्यांचा आवाज चिरकला. "मैं नहीं मानता. अब भी नहीं मानता. लेकिन आप तो मानते हैं ना? तो कर दीजिए. अंदर जाने देंगे, मैं डॉक्टर से बात करता हूँ. दो बूँद. ऐसे ही चली गई तो..."

वर्षभर ज्या माणसानं प्रत्येक वाक्याला काट मारली, तो शरण येऊन बाटली पुढं करत होता. हा विजय होता. आवळेसाहेबांच्या तोंडाची चव मात्र गेली होती. आणि चव गेलेल्या तोंडातून त्यांचं उत्तर, सवयीनं, आपोआप बाहेर आलं.

"असं नाही करता येत, मसीहजी. एक तर मी एल्डर. बाप्तिस्मा फक्त नेमलेल्या पाळकानं द्यायचा, आणि पाळकसाहेब सीतापूरला गेलेत. दुसरं, तो मंडळीसमोर द्यायचा, कोपऱ्यात नाही. आणि तिसरं, बाळ जाईल म्हणून घाईनं पाणी घालणं हेच मुळी चुकीचं. पाणी तारत नाही. देव तारतो. आमच्या लोकांनी चारशे-पाचशे वर्षांपूर्वी हे स्पष्ट केलंय."

माणिक मसीह त्यांच्याकडे बघत राहिले. मग बाटली त्यांनी खिडकीत ठेवली.

"साल भर आप यही पानी मेरे सिर पर डालते रहे," ते हळूच म्हणाले, "और आज जब माँग रहा हूँ तो आप क़ायदा बता रहे हैं."

हे बोलणं देविकापर्यंत पोचलं असावं. आवळेसाहेब वळले तेव्हा ती त्यांच्याचकडे बघत होती. तिनं हातानंच बोलावलं.

"पापा, आप बताइए. बपतिस्मा के बिना गई, तो वह कहाँ जाएगी?"

हाच प्रश्न मंडळीतल्या कितीतरी बायकांनी त्यांना विचारला होता. ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि उत्तर दिलं. आजवर दिलेल्यांत ते सगळ्यांत नेटकं होतं. तीन भागांत, एकही भाग न वगळता. विश्वासी आईबापांची लेकरं आधीपासूनच देवाच्या करारात असतात. पाणी ही खूण आहे, आणि खूण राहून गेली म्हणून देणारा आपला शब्द फिरवत नाही. ज्याला त्यानं जगाच्या आधी निवडलं ते बाळ नऊ महिन्यांचं असो की सात, त्याच्या हातून निसटत नाही. म्हणून विश्वासी आईबापांनी आपलं बाळ देवाकडंच जाईल याबद्दल शंका धरू नये.

देविकानं सगळं ऐकून घेतलं. "जी, पापा," ती म्हणाली. ती चांगल्या घरातली, वळणातली मुलगी होती.

"झालं?" मालिनीबाईंनी विचारलं.

"हो, एवढंच," आवळेसाहेब म्हणाले. आपलं काही राहिलं का, असं त्या विचारताहेत असा त्यांचा समज झाला. मालिनीबाईंनी व्हीलचेअर वळवली आणि देविकाला घेऊन काचेकडे गेल्या.

ती रात्र निघाली. दुसरीही निघाली. पोरीनं चिवटपणा कुणाकडून घेतला यावर नंतर दोन्ही घराण्यांनी हक्क सांगितला. लिसम्मा नावाची केरळची एक सिस्टर होती, ती रोज सकाळी काचेतून दोन्ही आजोबांना अंगठा दाखवायची. कधी वर, कधी आडवा. हळूहळू तो वर टिकला. एकेक नळी निघाली. महिना उलटून गेल्यावर एका दुपारी देविकाला बाळ छातीशी धरून बसायला दिलं, आणि त्यानंतर बऱ्याच दिवसांनी त्या दोघी घरी आल्या. नाव ऋता ठेवलं. त्यावर मात्र कुणाचाच काही सिद्धांत नव्हता.

बाळाचं वजन वाढलं तसे आजोबाही पूर्वपदावर आले. दोघांनीही त्या बाटलीचा विषय पुन्हा काढला नाही. माणिक मसीह येताना पोरीसाठी टोपडी, दुपटी आणायचे आणि जाताना म्हणायचे, "अब बड़ी होगी, अपने पैरों पे चलकर जाएगी पानी में." आवळेसाहेब म्हणायचे, तोवर करार काय फळीवर ठेवायचा? पाळकांशी बोलून त्यांनी नवा रविवार ठरवला. कार्यक्रम छापून आला. मोबाइलवर पुन्हा सकाळ-संध्याकाळ मजकूर येऊ लागला.

बाहेरून सगळं जागच्या जागी आलं होतं. एकट्या आवळेसाहेबांना झोप लागत नव्हती. दिवसातून पाचसहा वेळा ते पाळण्याशी जाऊन पोरीचा श्वास बघायचे. रविवारचा कार्यक्रम हातात घेऊन परत परत वाचायचे, तो रविवार एकदाचा होऊन जाऊ दे, असं त्यांना सारखं वाटायचं. त्याला ते तयारी म्हणायचे. त्रिपाठीजींनी एकदा गेटवरून विचारलं, "भाईसाहब, यह बच्चे वाला संस्कार न हो तो क्या कुछ अनिष्ट हो जाता है?" आवळेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. "पानी की मोटर में आवाज़ आ रही है," ते म्हणाले आणि आत निघून गेले. त्रिपाठीजी आपल्या घरी गरम चहा पिताना बायकोला म्हणाले, की आवळेसाहेबांची तब्येत बरी दिसत नाही.

रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी देविका गच्चीवर उन्हात बसून बाळाला तेल लावत होती. आवळेसाहेब खुर्ची घेऊन शेजारी बसले होते आणि उद्या पाळक काय विचारतील, आईबापांनी कधी 'हो' म्हणायचं, हे समजावून सांगत होते. देविकाचे हात थांबले.

"पापा, एक बात पूछनी है. बपतिस्मा दो बार नहीं होता ना? आप चर्च की क्लास में कहते हैं."

"कभी नहीं. एकदाच. दुसऱ्यांदा देणं म्हणजे पहिल्याचा अपमान."

"तो फिर कल नहीं हो सकता."

त्यांना कळेना. देविकानं बाळाकडे बघत सांगून टाकलं. त्या तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी, सगळे खाली चहाला गेले तेव्हा तिनं लिसम्मा सिस्टरला बोलावून घेतलं होतं. लिसम्मा कॅथलिक. त्यांच्यात असं चालतं, जीव जातोय असं दिसलं तर कुणीही द्यावा, हे देविकाला ठाऊक होतं. तिनं हात जोडून विनंती केली. सिस्टरनं मास्क बांधला, औषधाच्या चमच्यात उकळलेलं पाणी घेतलं, बोटानं पोरीच्या कपाळाला लावलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं म्हटलं, आणि दुसऱ्या बाळाचं सलाइन बघायला गेली. सगळं मिनिटभरात आटोपलं.

"डैडी को बताती तो वे कहते यह बपतिस्मा है ही नहीं. आपको बताती तो आप..." तिनं वाक्य सोडून दिलं. "पाप हुआ क्या, पापा?"

आवळेसाहेबांच्या डोक्यात उत्तर हजर झालं. नर्स ही नेमलेली सेवक नव्हे. मंडळी हजर नव्हती. हेतू चुकीचा, पाण्याला तारणाचं साधन समजून केलेला. शिवाय कॅथलिक. सबब हा बाप्तिस्मा धरता येत नाही. उद्याचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणं होईल. एवढं मोकळं, निर्वेध उत्तर त्यांना क्वचितच मिळालं होतं. फक्त तोंड उघडायचं होतं.

पण ते उत्तर यायच्या आधीच काहीतरी होऊन गेलं होतं. देविका 'उकळलेलं पाणी' म्हणाली त्याच क्षणी त्यांच्या छातीतली गाठ सुटली होती. म्हणजे तेव्हापासून पोरीच्या कपाळावर पाणी होतंच! सगळ्या रात्री, सगळ्या आडव्या अंगठ्यांच्या सकाळी ते होतं! त्यांना एकदम मोठ्यानं हसावंसं वाटलं, लिसम्माचे पाय धरावेसे वाटले. आणि लगेच कळलं की आपल्याला हे कशाचं बरं वाटलं. कान तापले. आपण त्या दुपारपासून भीत होतो, काचेशी, पाळण्याशी, अंथरुणावर, सतत भीत होतो, हे त्यांना आत्ता समजत होतं.

"पापा?"

"मला माहीत नाही, बेटा," ते म्हणाले. हिंदीनं त्यांची साथ सोडली होती. देविकाला मराठी आता बऱ्यापैकी कळायचं. "पाप झालं का ते मला माहीत नाही. उद्याचं काय करायचं ते पाळकांना विचारतो. सगळं सांगून विचारतो. पण तू सांगितलंस तेव्हा मला बरं वाटलं. फार बरं वाटलं."

देविकानं वर बघितलं. तिला आनंद झाला नव्हता. ती घाबरली होती.

"आपको क्यों अच्छा लगा? आपने तो कहा था पानी से कुछ नहीं होता, वह पहले से ख़ुदा की है. मैं उसी बात को पकड़कर रात भर बैठी रही. तो वह... आपने बस मेरा दिल रखने को कहा था?"

"नाही, नाही!" आवळेसाहेब खुर्चीवरून उठून तिच्यासमोर चटईवर बसले. "ते खरं आहे, बेटा. मी सांगितलं तो शब्द न् शब्द खरा आहे. तू तोच धरून ठेव. माझाच त्यावर विश्वास बसला नव्हता."